शाखा क्रमांक सात, गोळीबार चौक

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता,
हे फळ्यावर. प्रत्यक्षात पावणेअकराला
येनगंटीवार कुलूप उघडतात आणि आधी
पंखा चालतो का ते बघतात.
पंख्याखाली सतरंजी, सतरंजीवर लोखंडी पेटी,
पेटीत पावतीपुस्तक, वाळलेला शाईचा पॅड
आणि गोल शिक्का : परस्पर सहाय्य मंडळ, शाखा क्रमांक सात.
एक ते सहा कुठे गेल्या, असं नवा माणूस विचारतो.
नवा माणूस म्हणजे कोंडावारांचा मागल्या वर्षीचा जावई.

कामठीची बंद पडली. इतवारीच्या खोलीत आता
मोबाइलची कव्हरं विकतात. हिंगणघाटचे लोक
लग्नाच्या पत्रिका तेवढ्या पाठवतात.
आम्ही उरलो वीस.
बल्लारपूरहून मुख्य कार्यालयाचं पत्र आलंय :
विसाच्या खाली गेलेल्या शाखा विलीन करण्यात येतील.
कोण करणार, ते त्यात नाही.

वर्गणी पन्नास. मयत झाली तर दहा हजार,
त्याच रात्री, रोख, कुणी न मागता.
एवढा एकच नियम आम्हाला तोंडपाठ.
बाकीच्या बेचाळीस नियमांचा कागद
रामटेकच्या सहलीत पोट्ट्यांनी
भेळेखाली घेतला.

मी सचिव झाले, कारण त्या दिवशी
बाकीच्यांचे चष्मे घरी राहिले होते.

विलीन व्हायचं तर जुना हिशेब दाखवावा लागतो.
म्हणून पेटीच्या तळाची चोपडी काढली
आणि मागून पुढे वाचत गेले :
मराठी, मग थोडं हिंदी,
मग एकावन्न सालाच्या आसपास
अक्षरं गोल गोल व्हायला लागली
बॉबिनवरून सुटलेल्या सुतासारखी,
आणि मला वाचता येईना.
आकडे तेवढे आले.
एकतीस नंबर माझा आजा.
त्याचा पितळी बिल्ला अजून आमच्याकडे
शिलाई मशीनच्या खणात आहे, बटणांमध्ये.
अकरा महिने त्याच्या रकान्यात आकडा नाही.
फुलीही नाही.
दोन गोल अक्षरं फक्त. अकरा वेळा तीच.

मिल बंद असेल तेव्हा, कुणीतरी म्हणालं.
‘बुडवा’ असं लिहिलं असेल, कोंडावार म्हणाले.
माझ्या आज्याबद्दल, माझ्यासमोर.
मी पेनाचं टोपण लावलं.

जावयाला स्कूटरवर नरसूबाईंकडे पाठवलं.
त्या आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात पिशवी,
पिशवीत स्वतःची कपबशी.
पान डोळ्यांशी धरलं, मग हात लांब करून धरलं.
“मन,” म्हणाल्या.
कुणाचं मन?
“अवं, मराठीतलं नोहे. आमच्या बोलीत
मन म्हंजे आपलं. आपल्यातून भरले, असं हाये थे.”
पण भरले कोणी?
“थे कोन लिहिते का बाप्पा?”
आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

थोडा वेळ पंख्याचाच आवाज.
कोंडावारांनी उगाच सतरंजीचं टोक सरळ केलं.

मग यादी घेतली.
पोशट्टीचा मुलगा ई-रिक्षा चालवतो, बॅटरी गेली,
तीन महिने थकले. तीन थकले की नाव कमी,
नाव कमी की एकोणीस,
आणि एकोणीस झाले की, पत्रात आहेच.
येनगंटीवारांनी खिशातून एक नोट काढून
पेटीत टाकली, दुसरीकडे बघत.
दुसरी कुणाची ते मी बघितलं नाही.
तिसरीच्या वेळी मी खाली वाकून
टोपण शोधत होते.

त्या रकान्यात मी ती दोन अक्षरं काढली.
पहिलं जमलं. दुसरं पोळीसारखं फाकलं.
नरसूबाई वाकल्या. “डोक्यावरची खूण रायली ना,
बरोबर लिहिता तशी बारकी.
तिच्याबिगर अक्षर उघडंबोडकं दिसते.”
मी दोन्हींवर खूण केली. बरोबर. बरोबर.

बल्लारपूरचा ऑडिटर येईल, बोट ठेवील,
म्हणेल, हे काय आहे?
विचारू दे.
शिक्का उमटेना, म्हणून जावयाने पॅडवर
चहाच्या कपातलं उरलेलं पाणी शिंपडलं.